ग्लासगोचं धुणं आणि आमचं इनोव्हेशन

मी नोकरीत होते तोवर माझ्या नवऱ्याला माझी नोकरी नेमकी काय आहे हे कधीच सांगता आलं नाही. लंडनजवळ वॉटफर्डला आम्ही राहतो, तिथे गणपतीत कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की अरविंद घसा खाकरून म्हणायचा, "ती युरोपमध्ये असते." "म्हणजे?" "म्हणजे राहते इथेच, पण मीटिंगला युरोपमध्ये असते." एवढ्यावर विषय मिटायचा आणि माणसं प्रसादाकडे वळायची. एका बाईंनी तर मी विमान कंपनीत आहे असंच धरलं होतं आणि दर दिवाळीला माझ्याकडून ड्युटी-फ्रीचं पर्फ्यूम मागवायच्या. मी आणून द्यायचे. नोकरी समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता निवृत्त झाले आहे, तर एकदा सांगून टाकते. म्हातारी माणसं, अपंग माणसं, एकटी पडलेली माणसं यांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या सेवा प्रत्येक देशात असतात. इथे त्याला सोशल केअर म्हणतात. आमची संस्था म्हणजे अशा सेवा चालवणाऱ्यांचं युरोपभरचं जाळं. एखाद्या गावात कुणी काही नवं आणि चांगलं करतंय असं कळलं की तिथे जायचं, बघायचं, दोन पानांत लिहून काढायचं आणि मग ते इतर गावांच्या गळी उतरवायचं. या नव्या आणि चांगल्या गोष्टीला इनोव्हेशन म्हणायचं. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं तेव्हा आता हिचं कसं होणार म्हणून नागपूरहून भावाचा फोन आला होता. काही झालं नाही. आमच्या नावापुढे 'सहयोगी' असा शब्द लागला आणि विमानतळावर रांगेत जास्त वेळ उभं राहावं लागायला लागलं.

काम वाईट नव्हतं हो. स्लोव्हेनियातल्या एका खेड्यात मी एक बेकरीवाली बघितली. ती पावाबरोबर कानाच्या मशीनचे सेल द्यायची आणि तिथल्या तिथे बदलूनही द्यायची. म्हाताऱ्यांना सेलसाठी तालुक्याला जायला नको आणि पाव तर रोज लागतोच. मी ते वॉटफर्डच्या एका किराणा दुकानदाराच्या मागे लागून सुरू करून घेतलं. आजही तिथे काउंटरवर सेलची बरणी असते. मी दूध आणायला जाते तेव्हा मुद्दाम तिच्याकडे बघते. पंचवीस वर्षांच्या नोकरीतलं माझं हे ठळक स्मारक.

बाकीच्या कामात स्मारकं कमी आणि अहवाल जास्त. लंडनमधल्या एजवेअरच्या एका डे सेंटरमध्ये आम्ही एकटेपणा घालवणारा एक मोठा टचस्क्रीन बसवला होता. म्हाताऱ्या माणसानं त्यावर बोट ठेवायचं की समोर दुसऱ्या देशातला दुसरा एकटा म्हातारा येणार आणि दोघं गप्पा मारणार. महिन्याभरानं मी गेले तर आपल्या चार आज्यांनी त्यावर क्रोशाचं कापड घातलेलं आणि त्याच्या पुढ्यात पत्त्यांचा डाव रंगलेला. "अगं विद्या, त्यातून एक माणूस सारखा हॅलो हॅलो करतो," एक आजी म्हणाली, "म्हणून झाकून ठेवलाय बिचाऱ्याला." अहवालात काय गेलं? यंत्र रोज सकाळी दहा ते चार चालू असतं. हे खरंच होतं. ते बंद करायचं बटण कुणालाच सापडलं नव्हतं.

तुम्ही हसाल, पण या धंद्याचा एक नियम आहे आणि तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. निधी मिळतो तो नव्या गोष्टीला. जुनी गोष्ट चांगली चालली असेल तर ती चांगली चालली आहे, मग तिला मदत कशाला? आणि बंद पडत असेल तर ती बंद पडणारी गोष्ट, तिला कोण मदत करणार? त्यामुळे कित्येक शहाणी माणसं जुनंच काम दर तीन वर्षांनी नवं नाव देऊन पुन्हा सुरू करायची. मी एक जेवणाचं केंद्र चार नावांनी पाहिलंय. भाजी तीच होती.

आता शीनाचं सांगते. तिच्यासाठीच लिहायला बसले आहे.

शीना ग्लासगोची. साठीच्या आसपासची, ठेंगणी, हाताला सतत साबणाचा वास. शहराच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तिची दोन मोठी धुलाई यंत्रं आणि एक इस्त्रीचं टेबल. आठवड्यातून दोनदा ती आणि तिची बहीण व्हॅन घेऊन तीसेक म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायच्या, मळकी धुणी गोळा करायच्या, धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत द्यायच्या. ग्लासगोच्या दमट हवेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या म्हाताऱ्यानं चादर वाळवून दाखवावी. एका छोट्या धर्मादाय संस्थेच्या आधारावर हे अकरा वर्षं चाललं होतं.

मी एक दिवस तिच्या टेबलाशी बसले. ती पिशवी उघडायची, एकेक कपडा उचलायची आणि बोलायची. "हा बघ, चादरीला चुणीच नाही. म्हणजे ही बाई पलंगावर झोपतच नाहीये, खुर्चीत झोपतेय. पाय सुजले असणार." "याच्या शर्टावर नेहमी ग्रेव्हीचे डाग असतात, दोन आठवडे एकही नाही. जेवत नाहीये." मग ती सेफ्टी पिनमध्ये लाल लोकरीचा धागा अडकवून त्या पिशवीला लावायची. लाल धागा म्हणजे कपडे परत देताना आत जायचं, बसायचं, चहा मागायचा. गरज पडली तर डॉक्टरला नाहीतर लेकीला फोन करायचा. ना अ‍ॅप, ना स्क्रीन. मी इतकी वर्षं युरोपभर हिंडून जे शोधत होते ते इथे दोरीवर वाळत होतं.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"आईनं. ती स्टीमीत होती."

स्टीमी म्हणजे ग्लासगोची सार्वजनिक धुण्याची घरं. वस्तीतल्या सगळ्या बायका तिथे धुणं घेऊन जायच्या आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते धुण्यावरून सगळ्यांना कळायचं. कुणाचा नवरा कामावर जात नाही, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं मूल आजारी. शीनाच्या आईनं ते लेकीला दिलं आणि स्टीम्या बंद पडल्यावर लेकीनं ते व्हॅनमध्ये घालून फिरवलं.

"चल हेन," शीना म्हणाली, "तुला माझा इंडियन डॉक्टर दाखवते." ग्लासगोत बायका एकमेकींना लाडानं हेन, म्हणजे कोंबडी, म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं, मी फार कलकलाट करते की काय.

इंडियन डॉक्टर निघाले डॉ. खानवलकर. वय शहाऐंशी, तरुणपणी इथे आलेले छातीचे डॉक्टर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, लिफ्ट नाही. मला बघून आधी इंग्रजीत बोलले आणि आडनाव ऐकताच एकदम मराठीत आले.

"पाटणकर? कुठल्या तुम्ही? नागपूरच्या? अरे वा, मग तुम्हाला ग्लासगोचा समर म्हणजे पनिशमेंटच. बसा बसा. शीना, यू सिट टू."

त्या दिवशी मी तास-दीड तास बसले. ते भरभरून बोलले. पेशंटांबद्दल, धुक्याबद्दल, बायकोनं कुंडीत लावलेल्या आणि तीन वेळा मेलेल्या कढीपत्त्याबद्दल. निघताना शीनानं त्यांची पिशवी उचलली आणि त्या जागी घडी केलेल्या दोन जास्तीच्या चादरी ठेवल्या. काही बोलली नाही. तेही बोलले नाहीत. खाली व्हॅनमध्ये बसल्यावर तिनं सांगितलं, "त्यांना कधीकधी कळत नाही, पलंग ओला होतो. वर्ष झालं. आम्ही दोघांनी त्यावर एक अक्षर काढलेलं नाही. मी काढलं तर ते मला दार उघडणार नाहीत." हजारो माणसांची छाती तपासलेला माणूस तो. आपली ओली चादर फक्त एका बाईच्या हाती देत होता आणि म्हणूनच अजून स्वतःच्या घरात राहत होता.

त्याच वर्षी शीनाच्या मागची ती संस्था मिटायची वेळ आली. चालवणारी माणसंच म्हातारी झाली होती. पुढच्या उन्हाळ्यानंतर व्हॅन नाही, हॉल नाही. शीनानं मला फोन केला आणि म्हणाली, "तुझ्या त्या युरोपात कुणी आहे का?"

होतं. युरोपभर कामांना मदत करणारा एक खासगी निधी होता आणि त्याचे अर्ज कसे लिहायचे हे मला झोपेतही येत होतं. मी बसले आणि मनापासून लिहिलं. स्टीमी लिहिली, आई लिहिली, अकरा वर्षं लिहिली. आमचा संचालक होता फिलिप, बेल्जियन माणूस, गोड बोलायचा आणि रुमाल नेहमी परीटघडीचा. त्यानं वाचलं आणि त्याचे डोळे पाणावले. खरंच पाणावले. मग त्यानं पेन काढलं.

"सुंदर आहे, विद्या. आई काढून टाक."

"का?"

"आई असेल तर ते जुनं झालं. स्टीमी तर त्याहून जुनी. आणि हे अकरा वर्षं काय लिहिलंयस? अकरा वर्षं चाललेल्या गोष्टीला इनोव्हेशन कोण म्हणेल?"

मी आई काढली. स्टीमी काढली. मग 'सेवा चालू आहे' या ठिकाणी 'सेवा सुरू करण्यात येईल' असं लिहिलं. एवढंच. एका क्रियापदाचा काळ बदलला आणि अकरा वर्षांचं काम अजून जन्माला यायचं झालं. धुण्याचं नावही बदललं. आता ते 'टेक्स्टाइल-आधारित पूर्वसूचना मॉडेल' होतं. शीनाला फोनवर वाचून दाखवलं आणि तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यात साबण कुठे येतो?"

निधी मंजूर झाला. मी ऑफिसात केक आणला. माझ्या खोटेपणावर मी खूष होते, हेही सांगून टाकते. आपण चांगल्या कामासाठी फसवतोय म्हणजे ते फसवणं नाही, असा आमच्या लाइनीत सगळ्यांचाच समज असतो.

मंजुरीबरोबर आली बियाट्रिस. निधीवाल्यांनी नेमलेली मूल्यमापक. तिशीतली, हुशार, सभ्य, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवणारी. तिच्यात वाईट काही नव्हतं हे मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत एखादा दुष्ट माणूस असला की आपण सुटतो. ती म्हणाली, "सेवा सुरू व्हायच्या आधी तीन महिने या तीस घरांची नोंद ठेवू. कोण पडलं, कोण हॉस्पिटलात गेलं, डॉक्टरला किती फोन झाले. मग सेवा सुरू झाल्यावर तीच नोंद. म्हणजे फरक दिसेल." याला बेसलाइन म्हणतात. आजार मोजल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही, तसंच ते. अगदी बरोबर मागणी होती.

फक्त, ती ज्या 'आधी'बद्दल बोलत होती ते 'आधी' अकरा वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं.

मी फिलिपकडे बघितलं. फिलिपनं खिडकीबाहेर बघितलं. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "ऑफ कोर्स."

बियाट्रिस गेल्यावर फिलिपनं दार लावलं. "तीन महिनेच आहेत," तो म्हणाला. "आपल्याकडे 'आधी' नसेल, तर आपण ते तयार करू."

तर शीनाचं धुणं किती उपयोगी आहे हे सिद्ध करण्यासाठी आम्ही ते तीन महिने बंद ठेवायचं ठरवलं. आजही हे वाक्य लिहिताना मला वाटतं, आपण दोन ओळी गाळल्या की काय. नाही गाळलेल्या. एवढंच झालं.

तीस घरांना पत्र मी लिहिलं. 'आपल्याला मिळणारी सेवा अधिक चांगली करण्यासाठी काही काळ तयारी सुरू आहे.' सोबत जवळच्या लाँड्र्यांची यादी जोडली. शीनाला सांगायला मात्र स्वतः गेले.

"म्हणजे काम चालतं हे दाखवायला काम बंद?" ती म्हणाली.

"तुलनेसाठी, शीना."

"कशाशी तुलना?"

"काम नसताना काय होतं त्याच्याशी."

"ते मी आत्ता सांगते. माणसं पडतात."

"ते सिद्ध करावं लागतं."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि इस्त्रीचा प्लग काढला. भांडली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं मी नोंदवह्या गोळा करायला ग्लासगोला गेले. हॉल बंद असायला हवा होता. पण मागच्या खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. आत एक यंत्र चालू होतं आणि टेबलावर सात पिशव्या होत्या. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. चौथी डॉक्टरांची.

"या सात जणांना थांबता येणार नाही," शीना म्हणाली. "मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीच्या गाडीतून नेते. तुझ्या वहीत काही लिहू नकोस म्हणजे झालं."

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "शीना, या सातांचं धुणं झालं तर आकडे चुकतील. फरक दिसणार नाही. फरक दिसला नाही तर निधी थांबेल, आणि उन्हाळ्यानंतर सगळ्या तीसांचं बंद." मी खोटं बोलत नव्हते. त्याचाच मला अजून राग येतो. सगळं बरोबर होतं. वीस वर्षं मी बरोबर बोलायलाच शिकले होते.

तिनं यंत्र पूर्ण होऊ दिलं. कपडे बाहेर काढले, पिळले, वाळत घातले. मग म्हणाली, "ठीक आहे. बाकीच्यांना मी सांगते. डॉक्टरांना तू सांग. तुमच्या भाषेत सांग."

हॉलपासून डॉक्टरांचं घर चालत दहा मिनिटांवर. वर तीन मजले. माझी लंडनची गाडी चारची होती आणि काय सांगणार होते मी त्यांना? तुमच्या चादरींचं मला माहीत आहे, असं? शहाऐंशी वर्षांच्या माणसाला? ते अवघड काम टाळायला मला गाडीचं कारण पुरलं. मी त्यांना घरून एक छान पत्र पाठवलं, मराठीत. त्यात प्रकृतीची चौकशी होती आणि लाँड्र्यांची यादी पुन्हा जोडलेली होती.

पत्र पाठवल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या छतातून पाणी टपकायला लागलं म्हणून ती वर गेली. डॉक्टर न्हाणीघरात जमिनीवर पडलेले होते. टबात दोन चादरी भिजत घातलेल्या आणि नळ चालू. लाँड्रीवाल्याच्या हातात ती चादर द्यायची नव्हती, म्हणून ते तेव्हापासून स्वतःच धूत होते. ओली डबल चादर उचलून बघा कधी, धडधाकट बाईच्याही कमरेत कळ येते. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलातून ते पुन्हा त्या तीन मजल्यांवर चढू शकले नाहीत. मुलानं कॅनडातून फोनवर ठरवलं आणि त्यांना केअर होममध्ये हलवलं. घर रिकामं केलं शीनानं आणि तिच्या बहिणीनं.

मी नोंदवहीत लिहिलं. एक, पडणे. एक, रुग्णालय. एक, कायमचं स्थलांतर. बेसलाइन काळ.

पुढे सगळं उत्तम झालं. सेवा 'सुरू' झाली, म्हणजे परत चालू झाली. वर्षभरानं परिषद होती लिस्बनच्या एका हॉटेलात. पडद्यावर दोन खांब आले. 'आधी'चा उंच, 'नंतर'चा बुटका. बियाट्रिस प्रामाणिकपणे म्हणाली, "सुदैवानं आपल्याला बेसलाइनमध्ये स्पष्ट माहिती मिळाली." सुदैवानं. त्याच वेळी फिलिपनं अभिमानानं माझा हात दाबला. आम्हाला त्या वर्षीचं बक्षीस मिळालं. काचेचं, आतून दिवा लागणारं.

शीनाला व्यासपीठावर बोलावलं. नवा ड्रेस घालून आली होती आणि कावरीबावरी दिसत होती. कुणीतरी विचारलं, ही अभिनव कल्पना तुम्हाला कशी सुचली? ती म्हणाली, "मला नाही सुचली. माझी आई करायची. तिच्या आधी तिची आई." सगळं सभागृह प्रेमानं हसलं. स्कॉटिश माणसं किती विनोदी आणि किती नम्र असतात यावर जेवताना बराच वेळ चर्चा झाली. फिनलंडच्या एका अधिकारी बाईंनी तर विचारलं की हे मॉडेल तुमच्याकडे लायसेन्सवर मिळतं का.

लिस्बनहून आल्यावर पुढच्याच आठवड्यात मी ग्लासगोला गेले. कामासाठी नाही. केअर होम शहराबाहेर होतं, स्वच्छ, गरम, टीव्हीचा आवाज मोठा. डॉक्टर खिडकीशी बसले होते. खूप बारीक झाले होते. अंगात मरून रंगाचा स्वेटर, बाह्या हाताच्या बोटांपर्यंत आलेल्या.

"अहो विद्याबाई! या या. हा स्वेटर बघू नका, माझा नाही. इथे सगळ्यांचं एकत्र धुतात आणि मग येईल ते घालायचं. गेल्या वीकमध्ये मी एका मिसेस मरेंचे सॉक्स घालत होतो."

मी त्यांच्या प्रकृतीचं विचारलं. त्यांनी हातानंच ते बाजूला सारलं.

"ते राहू द्या. शीना येते ना दर संडेला, तिनं सांगितलं तुम्हाला प्राइज मिळालं. तुमच्या त्या स्टडीचं फायनली काय निघालं? फरक दिसला?"

"दिसला, डॉक्टर. चांगला दिसला."

"सँपल केवढा?"

"तीस घरं."

"लहान आहे," ते म्हणाले आणि मान हलवली. "मी त्यात आहे?"

"आहात."

"बिफोरमध्ये की आफ्टरमध्ये?"

मी खाली बघितलं. "बिफोर."

ते थोडा वेळ हिशेब करत राहिले. डॉक्टरच ते. "मग तीस घरांत माझा एक फॉल, एक अ‍ॅडमिशन... माझ्यामुळे बराच फरक पडला असेल."

"हो."

"गुड," ते म्हणाले. उपरोधानं नाही. खरोखर समाधानानं म्हणाले आणि मला त्या खुर्चीत बसवेना. "म्हणजे शीनाचं चालू राहिलं."

"तीन वर्षं चालेल. त्यानंतर पुन्हा काहीतरी नवं दाखवावं लागेल."

"म्हणजे पुन्हा बंद ठेवणार?"

मी रडायला लागले. त्या लाउंजमध्ये, मोठ्या आवाजातल्या टीव्हीपुढे, साठीची बाई मी हुंदके देऊन रडले आणि त्यांची माफी मागितली. त्या सात पिशव्यांचं सांगितलं. वर न चढता गाडी पकडली तेही सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग स्वेटरच्या लांब बाहीतून हात काढून त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

"हे बघा, मी चेस्ट क्लिनिकमध्ये असताना ट्रायल्स केल्यात. कुणालातरी औषधाशिवाय ठेवावं लागतं. त्याचं मला काही नाही. पण पेशंटला समोर बसवून सांगायचं असतं हो, की बाबा, तीन महिने तुला मिळणार नाही, ते यासाठी. मग तो सही करतो, नाहीतर नाही करत. तुम्ही वर आला असतात, विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं. सही केली असती. तीन महिन्यांपुरतं त्या चादरींचं काहीतरी बघितलं असतं, आपण दोघांनी मिळून बघितलं असतं." त्यांनी स्वेटरची दुसरी बाही वर सारली. "तुम्ही मला लिहिलंत, सेवा अधिक चांगली करतोय."

तेवढ्यात एक मुलगी चहाची गाडी घेऊन आली. त्यांनी माझ्यासाठी दोन साखरा सांगितल्या आणि विषय बदलून नागपूरच्या उन्हाबद्दल विचारायला लागले.

वॉटफर्डला परत आल्यावर महिन्याभरात मी निवृत्तीचा अर्ज दिला. अजून दोन वर्षं बाकी होती, म्हणून सगळे कारण विचारत होते. फिलिपला, ऑफिसला, नागपूरच्या भावाला, अरविंदलासुद्धा मी गुडघे सांगितले. गुडघे माझे चांगले आहेत. तीन मजले मी आजही न थांबता चढते.